नारळासोबत परत केलेली पुडी

दम्याची बाई मेली आणि मरताना तिची छाती स्वच्छ होती, तर मरणाचं कारण म्हणून काय लिहायचं, सांगाल?

हा प्रश्न मी आमच्या डॉक्टरांना विचारला. आता तुम्हाला विचारते. उत्तराची घाई करू नका, आधी ऐका.

मी वाशीमला छातीच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि सुटीच्या दिवशी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या संघटनेची पत्रकं वाटायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि छापील बाजू वाचत मोठी झाले. त्यामुळे माझा आवाज कुठे चढा वाटला, तर ती घरची सवय आहे. माफी मागणार नाही.

आमच्या दवाखान्यात दोन वस्तूंना मान आहे. एक फुंकायचं मशीन, ज्यात फुंकलं की छाती किती हवा किती जोरात बाहेर टाकते ते कळतं. दुसरा फ्रीज. फ्रीजला वेगळा इन्व्हर्टर आहे. वीज गेली की पंखा बंद पडतो, डॉक्टर घाम पुसत बसतात, फ्रीज मात्र चालू राहतो. त्यात कुणी पिण्याच्या पाण्याची बाटली ठेवली तर मी ती बाहेर काढून उन्हात ठेवते. त्या फ्रीजमध्ये तीव्र दम्याच्या सुया असतात. त्यांना बायोलॉजिक म्हणतात.

ही काय भानगड आहे, ते पेशंटला मी असं सांगते. एका गावात एक दवंडीवाला आहे. जरा धूळ उडाली की तो दवंडी पिटतो, दरोडेखोर आले म्हणून. सगळा गाव काठ्या घेऊन बाहेर येतो आणि दरोडेखोर सापडत नाहीत म्हणून आपलीच घरं फोडतो. दमा म्हणजे हे. काठ्या घेऊन येणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, फुटणारी घरं म्हणजे श्वासनळ्या. तोंडानं ओढायचा पंप म्हणजे दारोदार जाऊन समजूत घालणारा पोलीसपाटील. बहुतेकांचं त्याच्यावर भागतं. ज्यांचं भागत नाही, त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या द्याव्या लागतात. त्या म्हणजे संचारबंदी. दंगा थांबतो, पण शेतीही थांबते. हाडं झिजतात, साखर वाढते, चेहरा सुजून गोल होतो. बायोलॉजिक सुई फक्त त्या दवंडीवाल्याचा हात धरते. बाकीचा गाव आपापल्या कामाला मोकळा.

ती सगळ्यांना लागू पडत नाही, रक्त तपासून ठरवावं लागतं. महिन्यातून एकदा टोचायची. दमा मुळातून उपटत नाही. सुई चालू आहे तोवर हात धरलेला. किंमत इथे लिहीत नाही. तोंडानं सांगते तेव्हा लोक चपला शोधायला लागतात.

संचारबंदीबद्दल आणखी एक गोष्ट सांगते. ती नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. आपलं शरीर रोज स्वतःपुरतं थोडं स्टेरॉइड बनवतं. मूत्रपिंडांवर टोप्यांसारख्या बसलेल्या दोन ग्रंथी ते काम करतात. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की त्या झोपी जातात. मग बाहेरचं एकदम तोडलं, तर साध्या तापाशी लढायलाही अंगात काही उरत नाही. रक्तदाब कोसळतो, माणूस जातो. म्हणून ती गोळी कधीच एकदम बंद करायची नसते. अर्धी, मग पाव, अशी ग्रंथींना जागं करत उतरवायची असते. हे आम्ही प्रत्येकाला सांगतो. म्हणजे ज्याच्या गोळ्या आम्हाला माहीत आहेत, अशा प्रत्येकाला.

फ्रीजमधून काढलेली सुई लगेच टोचत नाहीत. थंडगार औषध आत जाताना दुखतं. ती ट्रेमध्ये अर्धा तास नुसती ठेवायची. उन्हात नाही, गरम पाण्यात नाही. त्या अर्ध्या तासात पेशंट आणि मी समोरासमोर. माणसं बोलतात. माझ्या कामातला हा सगळ्यात चांगला भाग.

कारंज्याचे एक धान्याचे व्यापारी पहिल्या सुईसाठी आले. सुई ट्रेमध्ये, मी समोर. त्यांनी हळूच विचारलं, "सिस्टर, हे कशापासून बनवतात? प्राण्याचं काही नाही ना?" मी डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर खुर्ची ओढून निवांत बसले. सांगितलं की हे औषध मोठ्या टाक्यांमध्ये वाढवलेल्या पेशी तयार करतात. त्या पेशींचं मूळ फार पूर्वी उंदरासारख्या एका लहान प्राण्यातून घेतलेलं, आता त्यासाठी प्राणी लागत नाही. शेठजी म्हणाले, "म्हणजे मुद्दल हिंसेचं, व्याज अहिंसेचं." डॉक्टर मोकळेपणानं हसले. शेठजींनी विचार करायला वेळ मागितला, डॉक्टरांनी दिला. ट्रेमधली सुई त्या दिवशी दुसऱ्या पेशंटला दिली. पुढं शेठजी परत आले आणि त्यांनी दंड पुढे केला.

त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरांसमोर एका मजुरानं कबूल केलं की तो गावाकडची पुडी घेतो. वर्तमानपत्रात बांधलेली ती पुडी त्यानं खिशातून काढून दाखवली. डॉक्टरांनी ती त्याच्या हातातून घेतली आणि सगळ्या बाकांवरच्या लोकांदेखत कचऱ्याच्या डब्यात टाकली. "हेच खायचं असेल तर इथे मरायला कशाला येता?" असं म्हणाले. डॉक्टर दुष्ट नाहीत. पुड्यांनी वाया गेलेले पेशंट बघून बघून ते विटले होते. पण त्या दिवशी बाकावर बेबीताई नवऱ्यासोबत बसलेली होती. तिनं ते पाहिलं. शेठजींना प्रश्न विचारता आला, तिला उत्तरही देता येणार नव्हतं. आपल्याकडे खरं बोलायलाही ऐपत लागते.

बेबीताई जऊळक्याच्या स्टेशनावरून पायी जायच्या एका वस्तीवरची. दुसऱ्याच्या रानात मजुरी, आणि हंगामात हडंब्यावर, म्हणजे सोयाबीन काढायच्या मळणीयंत्रावर. त्याच्या धुळीत धडधाकट माणूस खोकतो. ती नाकाला पदर बांधून उभी राहायची आणि संध्याकाळी बसल्या बसल्या श्वासाशी भांडायची. पंप चालू, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू, तरी वर्षातून कितीतरी वेळा आमच्याकडे भरती. चेहरा गोल झालेला. तो आम्ही आमच्या गोळ्यांच्या खात्यावर टाकला होता.

औषधाच्या कंपनीची गरीब पेशंटसाठी एक योजना होती. डॉक्टरांनी बेबीताईसाठी खटपट करून तिला तीत बसवलं. हे श्रेय त्यांचं, ते मी काढून घेत नाही.

पहिल्या दिवशी तिनं ट्रेमधल्या सुईकडे वाकून पाहिलं. "एवढीशीच? मले वाटलं, ढोराची सुई राहीन."

तिचा नवरा गजानन दाराशी उभा होता. "तुह्यासाठी ढोराचीच पायजे होती. डाक्टरले दया आली."

"याहिले टोचा व सिस्टर आंधी. याहिची जीभ सुजली हाय."

अशी ती. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या अर्ध्या तासात तिनं मला सगळं सांगितलं. सासू कशी गेली, मुलगी वसतिगृहात कशी रुळत नाही, उसतोडीला गेले होते तेव्हा फडातल्या पाचटाच्या धुरानं कसा जीव गेला होता. सगळं बोलली. पुडीचं बोलली नाही.

आणि सुई लागू पडली. अशी लागू पडली की मशीनवर तिनं फुंकलं आणि मी तिला परत फुंकायला लावलं, मशीन बिघडलं असेल म्हणून. भरती थांबली. खोकला थांबला. गजानन म्हणाला, "सिस्टर, पयले स्टेशनावून घरापर्यंत हे तीनदा बसे. आता मीच मांगं राहून राह्यलो. अन् भांडाले बी दम पुरते तिले."

"आंधी तुमी जिंकत नव्हते," ती म्हणाली, "माहा श्वास सरत होता."

डॉक्टरांनी तिच्या गोळ्या उतरवायला घेतल्या. अर्धी, मग पाव. तिनं एकही चुकवली नाही. आमच्या हिशेबानं सगळं बरोबर चाललं होतं. हिशेबात फक्त पुडी नव्हती.

कारंज्याच्या वाटेवरच्या एका खेड्यात एक बुवा दम्याची पुडी देतात. बेबीताई कितीतरी वर्षांपासून ती सकाळ-संध्याकाळ गुळासोबत घेत होती. वस्तीवर सगळ्यांना माहीत होतं, फक्त आम्हाला नव्हतं. बुवा पैसे घेत नाहीत. त्यांचा नियम एकच. गुण आला, माणूस पुरता बरा झाला, की उरलेली पुडी नारळासोबत परत नेऊन द्यायची आणि पुन्हा शिवायची नाही. ती घरात राहिली तर तिच्या ओढीनं दुखणं परत येतं.

बेबीताई पुरती बरी झाली होती. मग तिनं तेच केलं जे भल्या माणसानं करायचं असतं. नारळ घेतला, ब्लाउजपीस घेतलं आणि पुडी परत करून आली. गजाननानं तिला विचारलं होतं, "गुण त सुईचा हाय, मंग बुवाले नारळ कायले?" ती म्हणाली होती, "सुईचा असो का पुडीचा. पडत्या काळात देल्लं ना त्याहिनं? मान राखा लागते."

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते थोडक्यातच झालं. तिला ताप आला. मग उलट्या. मग उठवेना. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाइन लावलं. तिथल्या डॉक्टरांनी छाती तपासली आणि सांगितलं, छाती साफ आहे, घाबरू नका. दम्याच्या बाईच्या घरी याहून गोड बातमी नसते. सगळे घाबरायचे थांबले. दुसऱ्या दिवशीही सलाइन, दुसऱ्या दिवशीही छाती साफ. तिसऱ्या दिवशी दुपारी गजानन तिला ऑटोत घालून आमच्याकडे घेऊन आला.

तिचे हात गार होते. मी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला. रक्तदाब लागेना. डॉक्टरांनी पाठीला नळी लावली, पुढून लावली. दोन्हीकडून हवा छान जात होती.

"आमच्या पांढऱ्या गोळ्या बंद केल्या का?" त्यांनी विचारलं.

"नाई, साहेब. तुमी सांगतलं तशाच. पाव चालू हाय," गजानन म्हणाला.

"मग दुसरं काय बंद केलं?"

गजाननानं आधी कचऱ्याच्या डब्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी म्हटलं, "दादा, सांगा. कोणी रागवत नाही."

"बुवाची पुडी होती, सिस्टर. ते परत केली. बरं वाटल्यावर ठेवत नाईत घरात."

डॉक्टरांनी कपाटाकडे हात केला. मला काय काढायचं ते कळलं होतं. साधं, स्वस्त, कुठल्याही दवाखान्यात असणारं स्टेरॉइडचं इंजेक्शन. तेच, ज्याच्यापासून तिला सोडवायला आम्ही एवढी महागडी सुई आणली होती. दिलं. सलाइन धावतं सोडलं. तिनं डोळे उघडले. मला ओळखलं.

"श्वासाचं काई नाई ना व?"

"नाही ताई. श्वास चांगला आहे."

"मंग बरं हाय," ती म्हणाली.

त्यानंतर ती बोलली नाही. आम्हाला फार उशिरा मिळाली होती. गजानन तिच्या पायांशी उभा होता. त्यानं डॉक्टरांना विचारलं, "छाती त साफ होती ना, साहेब?" डॉक्टर हो म्हणाले. "मंग काहून?"

कागदावर डॉक्टरांनी ग्रंथींचं नाव लिहिलं. शास्त्राप्रमाणे बरोबर लिहिलं. पण त्या कागदावर तो कचऱ्याचा डबा नाही. गरीब माणसानं खरं सांगितलं की त्याला चारचौघांत उभं सोलायची आमची जी रीत आहे, ती त्यावर नाही. महिन्याच्या सुईसाठी मजूर बाईला कंपनीच्या दयेवर बसावं लागतं आणि सरकारी दवाखान्यात ती सुई मागितली तर लोक तोंडाकडे बघतात, हेही नाही. बेबीताईच्या नावाची पुढची सुई फ्रीजमध्ये होती. योजनेची असल्यानं ती दुसऱ्या कोणाला देता येत नव्हती. मी ती बर्फाच्या डब्यात घालून कंपनीला परत पाठवली.

मग मी त्या बुवांकडे गेले. भांडायला गेले, लपवत नाही. भोंदूला कसं उघडं पाडायचं याची पत्रकं मला पाठ आहेत. अंगणात पुडीसाठी आलेले लोक बसले होते, म्हातारे, लेकुरवाळ्या, एक कॉलेजचा मुलगा. कितीतरी चेहरे गोल. बुवा खाटेवर बसले होते. मी जवळ गेले आणि भांडायच्या आधी त्यांच्याकडे नीट पाहिलं. बुवांचा चेहरा सुजून गोल झालेला होता. मानेमागे मांसाचा उंचवटा. काटकुळ्या हातांवर जांभळे डाग, कागदासारखी कातडी. मी नर्स आहे. हे डाग मी ओळखते.

"कोनाची व तू?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, वाशीमहून आले, बेबीताईच्या दवाखान्यातून.

"लय भली बाई. एवढ्या वर्सात पुडी परत आनून देनारी तेच एकली."

"बाकीचे का आणत नाहीत?"

"आराम पडते, पन सुटत नाई ना. पुरता बरा झाल्याबिगर कोन आनन?"

तेव्हा मला कळलं. तो नियम इतकी वर्षं कोणालाच लागला नव्हता, कारण कोणी बरंच होत नव्हतं. बेबीताई बरी झाली म्हणून नियमात सापडली.

"ती गेली, बुवा," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, "दम्यानं?"

"नाही. पुडी एकदम तुटली म्हणून." मी त्यांना ग्रंथींचं सांगितलं, जसं तुम्हाला सांगितलं तसंच. पुडीत काय असतं ते विचारलं.

"जडीबुटी हाय. आंधी मीच कुटत होतो. आता हात चालत नाईत. एक मानूस तयार भुकटीची गोनी आनून देते. माह्या कुटलेल्यापक्षा तिचा गुण जास्त हाय."

"तुम्ही स्वतः घेता?"

"मंग? माहा दमा लहानपनापासूनचा. मले आराम पडला म्हनून त लोकायले देतो. एक पैसा घेत नाई कोनाचा." मग त्यांनी खाटेची पाटी घट्ट धरली आणि विचारलं, "मंग मी आजपासून बंद करू का? लोकायले बी सांगू, घेऊ नोका म्हनून?"

हेच वाक्य ऐकायला मी एवढ्या लांब आले होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नका. एकदम बंद करू नका."

अंगणातल्या एवढ्या माणसांच्या ग्रंथी झोपलेल्या. उद्या बुवांचं दार बंद झालं, किंवा एखाद्या उत्साही कार्यकर्त्यानं येऊन गोणी पेटवली, तर यांतले किती जण पुढच्या तापात जातील? माझ्या पत्रकांमध्ये या प्रश्नाला जागा नव्हती. पुड्या जाळा, असं त्यांत ठळक अक्षरांत असतं. मी त्या अंगणात उभी राहिले आणि लोकांना सांगितलं, पुडी घेऊन दवाखान्यात या, टाकू नका, तिथे ती हळूहळू उतरवू. एक म्हातारी म्हणाली, "तो डाक्टर अंगावर येते, माय." मी म्हटलं, "येणार नाही." कोणाच्या भरवशावर म्हटलं, देव जाणे.

बुवांनी दिलेली एक पुडी डॉक्टरांनी तपासायला पाठवली. तीत स्टेरॉइड निघालं. गोणीवाल्याची तक्रार आम्ही केली. पोच मिळाली. माणूस अजून गोण्या पोचवतो आहे.

डॉक्टरांशी मात्र माझं कडाक्याचं झालं. "मी ओरडलो नाही तर हे लोक सुधारतील?" त्यांनी विचारलं.

"ओरडून कोण सुधारलं, सर? लपवायला शिकले."

"मग काय, पुडीची आरती करू?"

"आरती नको. ठेवायला ताट द्या."

ते चिडून निघून गेले. पण दुसऱ्या दिवशी त्यांच्या टेबलावर स्टीलचं एक रिकामं ताट होतं, घरून आणलेलं. आता ते प्रत्येकाला म्हणतात, जे काही घेता ते यात ठेवा. पुड्या निघतात. वर्तमानपत्रातल्या, कफ सिरपच्या बाटलीतल्या, पदराच्या गाठीतल्या. डॉक्टर विचारतात, किती वर्षांपासून. कधी त्यांचा आवाज चढतो, मग स्वतःच पाणी पितात. बुवा एकदा कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसून आले, गोळ्या लिहून घेतल्या. त्यानंतर आलेले नाहीत. त्यांचं काय चाललंय, मला माहीत नाही.

गजानन हंगामात हडंब्यावर जातो. त्याला दमा नाही.

आता तुमच्याकडे एक मागणं. हा दिवाळी अंक हातात असताना तुम्ही गावी असाल, किंवा गावचं कोणी तुमच्या घरी असेल. त्यांतल्या दम्याच्या माणसाजवळ जाऊन बसा. सांध्यांच्या, कंबरेच्या दुखण्याचा माणूस असेल तर त्याच्याहीजवळ, कारण अशा पुड्या त्यांनाही देतात. आवाज न चढवता विचारा, अजून काय काय घेता. पुडी निघाली तर ती फेकू नका, जाळू नका, परतही करू देऊ नका. त्या माणसाला आणि त्या पुडीला सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा, ती टेबलावर ठेवा आणि किती वर्षांपासून चालू आहे ते सांगा. तोवर त्याची एकही मात्रा चुकू देऊ नका. डॉक्टर ओरडले, तर उठून येऊ नका. त्यांचं ओरडून होईपर्यंत थांबा, आणि मग पुन्हा सांगा.